काजव्याच्या उजेडात रक्तातली मेदाम्लं

सकाळी उपाशीपोटी रक्त देऊन आलेल्या माणसाच्या हातात संध्याकाळी जो अहवाल पडतो, त्यात चरबीचा हिशोब चांगला अर्धं पान असतो. एकूण कोलेस्टेरॉल, एलडीएल, एचडीएल, ट्रायग्लिसराइड. या सगळ्या नोंदी चरबीच्या साठवणुकीच्या आणि वाहतुकीच्या आहेत. रात्रभर शरीर ज्या चरबीवर चाललं, पहाटे हृदयाच्या स्नायूने जे इंधन जाळलं, त्या मुक्त मेदाम्लांची मात्र तिथे एका ओळीचीही नोंद नसते.

मेदपेशीत चरबी साठते ती ट्रायग्लिसराइडच्या रूपात. ग्लिसरॉलच्या एका रेणूला मेदाम्लाचे तीन रेणू जोडलेले असतात. पोट रिकामं झालं आणि रक्तातलं इन्सुलिन उतरलं की विकरं हे जोड तोडतात. सुटलेली मेदाम्लं अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून स्नायूंकडे, यकृताकडे, हृदयाकडे निघतात. कोणत्याही क्षणी प्रौढ माणसाच्या रक्तद्रवात ती जेमतेम अर्धा ग्रॅम असतात. पण त्यांचा रक्तातला मुक्काम काही मिनिटांचाच असतो. एरवी निरोगी असलेला माणूस दिवसभर उपाशी राहिला, तर त्याच्या रक्तातून तेवढ्या काळात शंभर ग्रॅमहून अधिक मेदाम्लं जाऊन आलेली असतात. अर्धा ग्रॅम म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष करणं म्हणूनच चुकीचं आहे.

जेवण झालं की चित्र पालटतं. इन्सुलिन वाढतं आणि मेदपेशींचं दार बंद करतं. तासाभरात रक्तातली मेदाम्लं निम्म्याखाली येतात. ज्याच्या मेदपेशी इन्सुलिनचं ऐकत नाहीत, त्याच्या रक्तात साखर चढत असतानाही मेदाम्लं रेंगाळतात. स्नायू आधी तीच जाळतात, साखर तशीच राहते. फिलिप रँडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चढाओढ १९६३ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. पुढे १९९५ साली अमेरिकेतल्या पिमा आदिवासींच्या अभ्यासात दिसलं, की उपाशीपोटीची मेदाम्लं ज्यांची जास्त, त्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोकाही जास्त. पॅरिसच्या पोलीस दलातल्या पुरुषांचा जो दीर्घकाळ पाठपुरावा झाला, त्यातही हाच धागा सापडला. २००१ साली त्याच अभ्यासातून वाढलेली मेदाम्लं आणि अचानक येणारा हृदयमृत्यू यांचाही संबंध पुढे आला.

मग मोजत का नाहीत? या प्रश्नाचं उत्तर बरंचसं मोजणीच्या इतिहासात आहे.

१९५६ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट डोल यांनी रक्तातली मुक्त मेदाम्लं मोजण्याची पद्धत दिली. त्याच वर्षी रॉबर्ट गॉर्डन आणि अमेलिया चर्क्स यांनीही स्वतंत्रपणे हे काम केलं. डोल यांची पद्धत कष्टाची होती. रक्तद्रवात आयसोप्रोपिल अल्कोहोल, हेप्टेन आणि सल्फ्युरिक आम्ल घालायचं, हलवायचं, वरचा थर वेगळा काढायचा आणि ब्युरेटमधून थेंबथेंब अल्क सोडत रंग बदलण्याची वाट पाहायची. एका नमुन्याला रक्त बरंच लागे, वेळही लागे. १९६३ साली तांब्याचे क्षार आणि क्लोरोफॉर्म वापरणारी रंगाची पद्धत आली. ती थोडी सोपी होती, पण क्लोरोफॉर्मच्या वाफा होत्याच. खरा बदल जपानमधून आला. १९८० साली तिथल्या संशोधकांनी मेदाम्लांवर काम करणारी विकरंच चाचणीला जुंपली. पहिलं विकर मेदाम्लाला कोएन्झाइम-ए जोडतं, दुसरं त्या जोडीचं ऑक्सिडीकरण करून हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतं, आणि तिसरं त्या पेरॉक्साइडच्या मदतीने जांभळा रंग आणतं. रंग जितका गडद, तितकी मेदाम्लं जास्त. जगभरच्या प्रयोगशाळांत आजही बहुतांशी याच तत्त्वावरची किट चालतात.

रंगाची अडचण अशी, की तो उजेडातून वजा करून मोजावा लागतो. नमुन्यातून प्रकाश सोडायचा आणि किती कमी झाला ते पाहायचं. दिवाळीत सगळी आळी उजळलेली असताना एक पणती विझली तर कुणाला कळत नाही, पण अमावास्येच्या रात्री माळावर एक पणती लागली तर कोसभरावरून दिसते. स्वतः प्रकाश देणाऱ्या चाचणीचा फायदा नेमका हा आहे. अंधारातला उजेड मोजायचा असल्यामुळे नमुना कितीतरी पट पातळ करता येतो. मग रक्तद्रव चरबीमुळे दुधाळ असला, कावीळीमुळे पिवळा असला, तरी तो दोष पाण्यात विरून जातो. काही मायक्रोलिटर नमुना पुरतो. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मूठभर मेदपेशींनी तासाभरात किती मेदाम्लं सोडली, हेही मोजता येतं.

हा उजेड आणायच्या वाटा एकाहून अधिक आहेत. एक वाट ल्युमिनॉलची. जपानी पद्धतीतल्या पहिल्या दोन पायऱ्या तशाच ठेवायच्या आणि तयार झालेल्या पेरॉक्साइडने जांभळ्या रंगाऐवजी ल्युमिनॉलची निळी चमक काढायची. दुसरी वाट समुद्रातल्या चमकणाऱ्या जिवाणूंची. हे जिवाणू लांब साखळीचं अल्डिहाइड जाळून प्रकाश देतात आणि त्या ज्वलनातून मेदाम्ल उरतं. शिमोन उलित्झुर आणि वुडलँड हेस्टिंग्ज यांनी १९७८ साली दाखवलं, की अल्डिहाइड बनवू न शकणारा, म्हणून अंधारा राहिलेला उत्परिवर्तित जिवाणू १४ कार्बनचं मायरिस्टिक आम्ल बाहेरून मिळताच उजळतो. मेदाम्ल मोजायला एक जिवंत दिवाच हाती आला. पण तो मुख्यतः एकाच लांबीच्या आम्लाला दाद देतो आणि माणसाच्या रक्तात पामिटिक, ओलेइक, लिनोलेइक, स्टिअरिक अशी बरीच मंडळी असतात. त्यामुळे त्याचा उपयोग चरबी तोडणाऱ्या विकरांचा वेग पाहण्यापुरता अधिक झाला.

तिसरी वाट काजव्याची, आणि तिची गोष्ट सगळ्यात रंजक आहे.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम मॅकएलरॉय यांनी गावातल्या मुलांना १०० काजव्यांमागे २५ सेंट देऊन काजवे गोळा केले आणि १९४७ साली सिद्ध केलं, की काजव्याचा उजेड एटीपीशिवाय लागत नाही. एटीपी म्हणजे पेशीचं रोजचं ऊर्जाचलन. ते, ल्युसिफेरिन आणि ऑक्सिजन एकत्र आले की ल्युसिफरेज हे विकर पिवळसर हिरवा प्रकाश देतं. १९८५ साली या विकराचं जनुक अलग करण्यात आलं, तेव्हापासून ते साध्या ई. कोलाय जिवाणूत हवं तितकं बनवता येतं आणि त्यासाठी एकही काजवा पकडावा लागत नाही. भंडारदऱ्याला, पुरुषवाडीला मे अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला गाड्यांच्या दिव्यांनी काजव्यांचा खेळ विस्कटू लागला आहे. निदान विज्ञानाचा तरी त्यांच्यावर भार राहिलेला नाही, हे बरं झालं.

मेदाम्लांच्या चाचणीत हा दिवा असा वापरतात. मेदाम्लाला कोएन्झाइम-ए जोडणारं पहिलं विकर एटीपी खर्च करतं आणि त्याचा उरलेला भाग, एएमपी, मागे ठेवतं. जेवढी मेदाम्लं, तेवढं एएमपी. आधीचं उरलेलं एटीपी काढून टाकायचं, एएमपीला दुसऱ्या विकरांकरवी पुन्हा एटीपी बनवायचं आणि मग ल्युसिफरेज घालायचं. उजेड पडतो तो मेदाम्लांच्या प्रमाणात.

इथे निसर्गाने एक नातं दडवून ठेवलं आहे. जपानी संशोधकांनी २००३ साली दाखवलं, की काजव्याचं ल्युसिफरेज स्वतःच मेदाम्लांना कोएन्झाइम-ए जोडू शकतं. म्हणजे उजेड देणारं हे विकर मेदाम्लं हाताळणाऱ्या जुन्या विकरांच्या कुळातून उत्क्रांत झालं आणि जुनं कसब पुरतं विसरलं नाही. नातं सुंदर आहे, पण चाचणी बसवणाऱ्याला ते महागात पडू शकतं. लांब साखळीचं मेदाम्ल ल्युसिफेरिनच्या जागेत जाऊन बसतं आणि दिवा मंद करतं. जिथे मेदाम्लं जास्त, तिथेच आकडा कमी, असा उलटा घोळ त्यातून होऊ शकतो. म्हणून आधीच्या पायरीत सगळं मेदाम्ल संपलं आहे याची खात्री करावी लागते. प्रत्येक नमुन्याच्या एका वाट्यात ठरलेलं मेदाम्ल मुद्दाम घालून ते पुरेपूर परत मिळतं का, हेही तपासावं लागतं. तांबड्या पेशी फुटल्या असतील तर त्यांचं एटीपी बाहेर येऊन खोटा उजेड पाडतं. जी प्रयोगशाळा एवढी शिस्त पाळत नाही, तिने ही चाचणी हाती घेऊ नये.

मग ही चाचणी कुणासाठी? याचं पहिलं उत्तर पुण्यात आहे.

केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि त्यांचा फोटो छापला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडसडीत, आतून चरबीदार अशा भारतीय देहाचं हे चित्र जगभर गेलं. त्याच्या मागे पुणे परिसरातल्या खेड्यांत १९९३ पासून चाललेला माता-बालकांचा अभ्यास आहे. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पुण्याच्या बाळांचे स्नायू कमी, पण पाठीवरची चरबी जवळपास शाबूत. पुण्यात नाळेच्या रक्तातली इन्सुलिनची पातळीही चढी निघाली. ती मुलं १८ वर्षांची झाली तेव्हा सडसडीत बांध्याच्या त्या गटात ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुलींमध्ये साखरेचं नियंत्रण बिघडलेलं आढळलं.

चरबी किती आहे हे यंत्रं सांगतात. ती चरबी साठा नीट सांभाळते की रक्तात गळत राहते, हे मेदाम्लांचा आकडाच सांगू शकतो, आणि तोही एकदा घेतलेला नव्हे. ग्लुकोज प्यायल्यावर ३०, ६०, १२० मिनिटांनी तो कसा उतरतो, ती उतरण पाहायला हवी. नवजात बाळाकडून, शाळकरी मुलाकडून पुन्हा पुन्हा मोठ्या नळ्या भरून रक्त मागता येत नाही. साखर आणि इन्सुलिनसाठी घेतलेल्या त्याच नळीतले उरलेले काही मायक्रोलिटर पुरले पाहिजेत. प्रकाश देणारी चाचणी इथे आवश्यक ठरते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. त्या उंबरठ्यावरच्या सडसडीत माणसांमध्ये बिघाड आधी मेदपेशीत होतो, यकृतात होतो की स्वादुपिंडात, हा प्रश्न इथल्या लोकांच्या रक्तातूनच सुटेल. पॅरिसच्या पोलिसांच्या आकड्यांवरून तो सुटणार नाही.

दुसरं उत्तर नकाराचं आहे, आणि ते तितक्याच ठामपणे द्यायला हवं. ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या पॅकेजमध्ये ही चाचणी येता कामा नये.

मुक्त मेदाम्लांइतका चंचल आकडा रक्तात क्वचितच असतो. रात्रीचं जेवण आठला झालं की साडेदहाला, यावर तो बदलतो. प्रयोगशाळेत चालत आलेल्याचा, सुईला घाबरलेल्याचा, सकाळी कोरी कॉफी घेतलेल्याचा, बिडी ओढलेल्याचा आकडा चढतो, कारण कॅफिन, निकोटिन आणि भीती तिन्ही मेदपेशींना चरबी सोडायला लावतात. रुग्णाला हेपॅरिन दिलं असेल तर रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरचं विकर सुटून रक्तात येतं आणि रक्त नळीत गेल्यावरही मेदाम्लं बनवत राहतं. गावातल्या संकलन केंद्रावरून दुपारच्या उन्हात दुचाकीवर आलेली नळी म्हणजे तर निव्वळ खोटा आकडा. काचसामानाला राहिलेला साबण म्हणजे मेदाम्लांचा क्षारच. हातमोजा न घालता धरलेल्या पिपेटच्या टोकाला बोटावरची चरबी लागते, त्यातही मेदाम्लं असतात. एवढ्या अडथळ्यांतून आलेला एकटा आकडा हातात घेऊन डॉक्टर करणार काय? वजन, चालणं, जेवण, साखर यांबद्दलचा त्यांचा सल्ला त्याने बदलत नाही. हजारो निरोगी माणसांना काळजी आणि खर्च मात्र तो नक्की देईल. खासगी प्रयोगशाळांच्या साखळ्यांनी व्हिटॅमिनच्या चाचण्यांचं जे करून ठेवलं, ते मेदाम्लांचं होऊ नये, यासाठी नियामकांनी आधीच पाऊल उचलायला हवं.

जनावरांच्या दवाखान्यात मात्र हाच आकडा आजही उपयोगाचा आहे. व्यायच्या आधीचे तीन आठवडे आणि नंतरचे तीन, हा संकरित गाईचा सगळ्यात अवघड काळ. दूध भरभर वाढतं, पण तिची भूक तितकी वाढत नाही. ती अंगावरची चरबी उतरवू लागते आणि मेदाम्लं यकृतावर तुटून पडतात. त्यातून किटोसिस, जठर सरकणं, गर्भाशयाचा दाह असे आजार ओढवतात. कॉर्नेल विद्यापीठाच्या २०१० सालच्या अभ्यासात व्यायच्या आधी लिटरमागे सुमारे ०.३ आणि नंतर सुमारे ०.६ मिलिमोल ही धोक्याची रेषा आढळली. उरुळी कांचनच्या बाएफ संस्थेपासून सुरू झालेल्या संकरीकरणाने पश्चिम महाराष्ट्राच्या गोठ्यांत भरपूर दूध देणाऱ्या गाई आल्या, आणि त्यांच्याबरोबर हा आजारही आला. एकेका गाईची तपासणी करणं शेतकऱ्याला परवडणार नाही. पण दूध संघाने कळपातल्या गाभण गाई निवडून नमुने घेतले, तर खुराक कुठे चुकतो ते आजार येण्याआधी कळेल. माणसांसाठी एकटा आकडा निरुपयोगी आणि कळपासाठी उपयोगी, यात विसंगती नाही. कळपात दहा-बारा आकड्यांची सरासरी पाहतात आणि उपायही सगळ्यांना एकच, खुराकात बदल.

आणि जिथे ब्युरेट पुरतो तिथे ब्युरेटच बरा. भंडारा-गोंदियाच्या भात गिरण्यांतून निघालेल्या कोंड्यात विकर तासागणिक तेल तोडत असतं. कोंडा वेळेवर तापवून ते थांबवलं नाही, तर तेलाची आम्लता इतकी वाढते की ते खाण्यालायक राहत नाही. पण तिथे मेदाम्लं टक्क्यांत मोजायची असतात. फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब आणि गुलाबी रंग एवढं तिथे पुरेसं आहे. काजव्याचं विकर तिथे आणणं म्हणजे पैशाचा अपव्यय.

राहतो प्रश्न खर्चाचा. प्रकाशाच्या चाचणीत तीन-चार विकरं लागतात. ती बर्फात प्रवास करतात, आणि परदेशातून आली तर वाटेतच त्यांचा जीव जातो, किंमत तर वाढतेच. २०२० च्या मार्चमध्ये पुण्याच्या मायलॅबने करोनाची पहिली भारतीय चाचणी मंजूर करून घेतली, तेव्हा इथली माणसं निकड असली तर विकरांवर चालणारं किट किती कमी वेळात उभं करतात, ते दिसलं. ल्युसिफरेज ई. कोलायमध्ये बनवणं हे पुण्या-मुंबईच्या कोणत्याही चांगल्या जैवरसायन प्रयोगशाळेतल्या पीएच.डी. विद्यार्थ्याचं काम आहे. अवघड आहे ते दर खेपेला तेच गुण देणारं विकर बनवणं, ते वाळवून महाराष्ट्राच्या मे महिन्यात टिकवणं आणि सगळ्यांनी मान्य केलेलं संदर्भद्रव्य तयार करणं. ही कामं एकट्या कंपनीला परवडणारी नाहीत. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने त्यासाठी पैसा द्यावा, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थेने विकरं घडवावीत आणि पशुवैद्यक महाविद्यालयांनी ती आधी गाईंवर पारखावीत, कारण तिथे रक्त भरपूर मिळतं.

पुण्याच्या त्या अभ्यासातली मुलं आता तिशीच्या आसपास आहेत. मुली आई झाल्या असतील, त्यांची मुलं म्हणजे तिसरी पिढी. त्यांच्या पुढच्या ग्लुकोज चाचणीत प्रत्येक नळीतून पाच मायक्रोलिटर बाजूला काढून, लगेच बर्फात ठेवून, मेदाम्लांची उतरण मोजली जावी, एवढीच मागणी आहे. त्यासाठी लागणारी सुई आधीच टोचलेली असेल आणि रक्तही काढलेलं असेल.